बिनउंबऱ्याचं घर

६ जानेवारी

आज करवतवाला आला. ट्रॉलीवर लोखंडी रूळ, रुळांवर सरकणारं करवतीचं यंत्र आणि मागे दोरीने बांधलेली त्याची वळकटी. म्हणजे काम संपेपर्यंत मुक्काम जागेवरच. विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि विचारलं तर मान हलवतो. मी त्याचं नाव मौनीबाबा ठेवून टाकलं.

गेल्या वर्षीच्या वादळात सासऱ्यांच्या जागेवरची निम्मी झाडं आडवी झाली. तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात बसलंय, की याच लाकडाचं घर बांधायचं. लग्न झाल्यापासून भाड्याच्या दोन खोल्यांत राहतोय, इतक्या वर्षांत कधी सुचलं नाही. आणि गेल्या महिन्यात कारखान्याच्या बसवरची ड्रायव्हरची नोकरीही सोडून मोकळे. का, तर म्हणे "पुरे झालं." सुट्टीच्या दिवशीही बस धुवायला जाणारा माणूस, त्याला एका सकाळी पुरे होतं?

मी शाळेत शिकवते. परीक्षेच्या हॉलमध्ये नुसत्या मानेच्या कलावरून सांगते कोण कॉपी करतंय. ह्यांची मान हल्ली तशीच कललेली असते.

९ जानेवारी

पहिला ओंडका चिरला. फणसाचा. बाहेरून मळकट, खडबडीत आणि आत हळदीसारखा पिवळा. ह्यांनी फळीवर तळवा ठेवला आणि टोकापर्यंत फिरवत नेला. मग खाली वाकून वास घेतला. मला म्हणाले, "ये, बघ." मी पाहिलं. खरंच सुंदर होती.

नंतर मौनीबाबाने यंत्राच्या भोवती चार खुंट ठोकले आणि जाड पांढरी दोरी बांधली. "ह्या दोरीच्या आत कुणी यायचं नाही." बोलला सगळ्यांना, पण बघत होता ह्यांच्याकडे. मालकालाच त्याच्या लाकडापाशी जायची बंदी? चांगल्या फळ्या एकीकडे सारायच्या असल्या की अशीच दोरी लागते.

हे निमूटपणे दोरीच्या बाहेर उभे राहिले. भांडले सुद्धा नाहीत.

२० जानेवारी

घराचा आराखडा आज पहिल्यांदा बघायला मिळाला. आतापर्यंत तो नणंदेकडे होता. म्हणजे घर माझं आणि कागद तिच्या कपाटात. ती ह्यांच्याहून मोठी आहे, एकटी राहते. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून काठी घेऊन चालते.

दारं इतकी रुंद की दोन माणसं हातात हात घालून आत जातील. एकाही दाराला उंबरा नाही. झोपायच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला कमरेइतक्या उंचीवर लाकडी कठडा.

"जहाज बांधताय का?" मी विचारलं.

"धरायला बरं पडतं."

"कुणाला?"

नणंद म्हणाली, "वय काय कुणाचं थांबतं का गं?"

रुंद दारं, उंबरा नाही, धरायला कठडा. पाणी कुठे मुरतंय ते सांगायला ज्योतिषी नको. घर तिच्यासाठी बांधलं जातंय. मला आयत्या वेळी सांगतील, की ताई आता आपल्याकडेच राहील.

माझं तिच्याशी वाकडं नाही. पण मला विचारायला काय होत होतं?

१ फेब्रुवारी

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते. सध्या मोटार शिकायचं मनात आहे, क्लासला नाव घालतेय. ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि एकदम म्हणाले, "गाडी कशाला हवी? बसने जात जा." आवाज असा, की मीच दचकले. अर्ध्या गल्लीला ह्यांनीच गाडी शिकवली आहे. लेक दहावीत असताना हेच म्हणायचे, हिला मी ट्रकसुद्धा शिकवीन.

लेकीने मला हळूच विचारलं, "बाबांचं काही बिनसलंय का?"

"मला कुठे काय सांगतात?" मी म्हणाले.

तिच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. बापाची बाजू घ्यायला नेहमी पुढे.

११ फेब्रुवारी

संध्याकाळी जिना चढताना हे अडखळले. परवाही अडखळले होते. मला अण्णा, म्हणजे सासरे, आठवले. सूर्य कलला की भिंत धरून चालायचे, ओट्याला ठेचकाळायचे. लोक म्हणायचे, म्हातारा घेतो. मी लग्न होऊन आले तेव्हा शेजारणीने पहिल्याच आठवड्यात कानात सांगितलं होतं.

हे झोपल्यावर मी जवळ जाऊन श्वासाचा वास घेतला. फक्त चहा आणि भुसा.

१४ फेब्रुवारी

शाळेतून परस्पर जागेवर गेले. सोबत थर्मास. ह्यांना चहा ओतून कप पुढे केला, तर हे समोर बघत उभे. मी कप धरूनच उभी. कितीतरी वेळ. शेवटी रागाने फळ्यांच्या चळतीवर ठेवला. तेवढ्यात ह्यांचा कोपर लागला आणि सगळा चहा सांडला.

"अरे, तू कधी आलीस?"

नाटकं. हातभर अंतरावर उभी होते मी! अबोला धरायचा तर सरळ धरावा, बायकोला अदृश्य करून कशाला?

२७ फेब्रुवारी

मौनीबाबाची चोरी पकडली. म्हणजे चोरी नाही, पण कामचुकारपणा नक्की. चौकटी उभ्या करायच्या म्हणून तयार ठेवल्या आहेत. सागाची चौकट रंधा मारून तुळतुळीत केलेली. फणसाची नीट घासलेली, फक्त कडा गोल. पण बाभळीची तशीच सोडलेली, करवतीचे दात उमटलेले, हात लावला तर खरखर. जांभळाच्या चौकटीवर तर कुठल्याशा अवजाराने आडव्या खाचा पाडून ठेवल्यात. शिवाय एका घरात चार दारं, तर चार जातींची. कुठलंच कुठल्याला मॅच नाही.

मी मौनीबाबाला म्हटलं, "रंधा मारायचा राहिलाय." तो म्हणाला, "राहू द्या." बस, एवढंच.

घरी आल्यावर ह्यांना ऐकवलं. "तुमचं लक्ष कुठे असतं? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी गत झाली आहे तुमची."

हे जेवत होते. घास हातातच राहिला. मग इतक्या मोठ्याने हसले की मला भीती वाटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि ताटावरून उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

खरं बोललं की झोंबतंच.

१२ मार्च

ह्यांच्या कपाळाला तीन टाके. चळतीतून एक वासा जरा पुढे आला होता, त्यावर सरळ चालत गेले. भर दुपारी. मौनीबाबाने स्वतःच्या पंच्याने जखम दाबून धरली आणि दवाखान्यात नेलं. मला नंतर कळवलं.

"वासा निसटला," हे म्हणाले.

"निसटला तर पायावर पडेल. कपाळात कसा येईल?"

"तू काय पोलिसात आहेस का?"

मौनीबाबा मध्येच म्हणाला, "माझी चूक झाली, बाई." पहिल्यांदा आपणहून बोलला आणि तेही खोटं. चूक कबूल करताना माणूस खाली बघतो. हा ह्यांच्याकडे बघत होता.

१५ मार्च

प्रत्येक वाशाच्या, प्रत्येक फळीच्या टोकाला पांढरी चिंधी बांधलेली. लांबून बघावं तर कुणी धुणं वाळत घातलंय असं वाटतं. मी विचारलं हे काय. नणंद म्हणाली, "पाखरं बसू नयेत म्हणून."

पाखरं! चिंधीला घाबरून!

२८ मार्च

हे आणि नणंद सकाळीच मोठ्या गावी गेले. खिळे आणि बिजागऱ्या आणायला म्हणून. संध्याकाळी परत आले तेव्हा हातात खिळा नाही, बिजागरी नाही. ह्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा. जिन्यात नणंदेने ह्यांचा दंड धरला होता. काठी तिच्या हातात आणि आधार ती ह्यांना देतेय, उलटाच प्रकार.

"चष्मा कसला?"

"भुसा गेला डोळ्यात."

"दोन्ही?"

नणंदेचे डोळे लाल झालेले. चहा नको म्हणाली आणि निघून गेली. ती माझा चहा कधी नाही म्हणत नाही.

मला आता शंका उरलेली नाही. वकिलाकडे गेले होते. जागा सासऱ्यांची, म्हणजे अर्धी तिची. ती सगळीच तिच्या नावावर करून दिली असणार आणि दोघं बहीणभाऊ गळ्यात गळे घालून रडले असणार. मी ह्यांच्या खिशांत हात घातला. कागद नाही. बसची तिकिटं आणि कुठल्याशा दुकानातलं चणेफुटाण्याचं पुडकं, माझ्यासाठी आणलेलं. मला आवडतात म्हणून.

ते मी खाल्लं नाही.

९ एप्रिल

आज सांगाडा उभा राहिला. कारखान्यातले ह्यांचे जुने मित्र आले होते. खांब उचलताना ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळी आरोळी, कुणाचं कुणाला ऐकू येईना. मौनीबाबाने एकदाच हात वर केला आणि सगळे गप्प. खांबाच्या टोकाचं कुसू बरोबर खाचेत बसलं. लाकडावर लाकूड टेकल्याचा तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. पोटातून आल्यासारखा.

वाटलं होतं हे सगळ्यांत पुढे असतील. हे मागे, दोराचं टोक धरून. काम झाल्यावर मात्र एकेका खांबाजवळ गेले, दोन्ही हातांनी चाचपला. म्हैस विकत घेताना बघतात तसं. "हा वडलांनी लावलेला साग," मला म्हणाले. "आणि हा विहिरीजवळचा." बरोबर होतं. साल काढलेल्या, चौकोनी केलेल्या खांबात मला तर झाडही ओळखू येत नव्हतं.

क्षणभर मी सगळं विसरले. मग मागे वळले तर नणंद समोरच्या खोलीत काठी टेकत टेकत चालत होती. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत. ओठ हलत होते. पावलं मोजत होती.

खोली पसंत केली वाटतं.

२२ एप्रिल

आज रंगेहाथ पकडायचं म्हणून न सांगता गेले. शाळा सुटल्यावर थोडा वेळ बाजारात काढला, डबा घेतला आणि ऊन उतरताना जागेवर पोचले. मौनीबाबा लांब यंत्राला तेल घालत होता. हे आणि नणंद फणसाच्या उरलेल्या ओंडक्यावर बसले होते. मी भुशावरून चालत गेले, भुशात पावलं वाजत नाहीत. फळ्यांच्या चळतीपाशी थांबले, ह्यांच्या डाव्या हाताला. ह्यांच्यात आणि माझ्यात एक माणूस उभा राहील एवढंच अंतर. लपले नव्हते. उघड्यावर उभी होते.

हे म्हणत होते, "घर उभं राहीपर्यंत तिला कळू नये. एकदा हाताला सवय झाली की मग दिसलं नाही तरी चालेल. बाभळीची चौकट म्हणजे न्हाणीघर, फणसाची म्हणजे स्वयंपाकघर."

नणंदेने मान वर केली आणि मला पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला. तिने ह्यांच्या हातावर हात ठेवला.

हे बोलतच राहिले. आवाज चढला, संतापल्यासारखा. "माझं जाऊ दे. कडेचं सगळं गेलं. नळीतून बघावं तेवढं मधलं उरलंय, तेही जाईल. पण पोरीचं काय? डॉक्टर म्हणाला मुलांनाही तपासून घ्या. अण्णांकडून माझ्याकडे आलं. माझ्याकडून तिच्याकडे गेलं असेल, तर? तिच्या आईला मी हे कुठल्या तोंडाने सांगू?"

मी हलले. पदर हलला, हातातला डबा हलला. ह्यांनी वळून पाहिलं नाही. मी हात पुढे केला असता तर कानाला लागला असता.

मला त्या क्षणी चहाचा कप आठवला.

डबा चळतीवर ठेवला आणि तशीच मागे फिरले.

२३ एप्रिल

शाळेत गेले. शिकवलं. काय शिकवलं ते आठवत नाही.

काल मौनीबाबाने ह्यांना दारापर्यंत आणून सोडलं. हे आत आले, डबा ओट्यावर ठेवला. म्हणाले, "विसरलीस." मी तो घासला. जेवलो. रोजच्यासारखे.

सासऱ्यांनी कदाचित कधी थेंबही घेतला नसेल. आणि मी पंचवीस वर्षं त्यांच्या फोटोला तसंच बघत आले.

२४ एप्रिल

आंधळं दळतंय. मी म्हणाले होते. ह्यांच्या तोंडावर. ताटावर.

२९ एप्रिल

आज बोललो.

मी विचारलं, "कधीपासून?"

"नोकरी सोडायच्या आधीपासून. एक सायकलवाला डाव्या बाजूने एकदम उगवला. त्याला लागलं नाही. पण बसमध्ये माणसं होती." हे टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते. "दुसऱ्या दिवशी चावी देऊन टाकली."

"ताईंना सांगितलंत. लाकूडवाल्याला सांगितलंत."

"त्याला नाही सांगितलं. त्याला कळलं."

"आणि मला?"

टेबलावरून फिरणारं बोट थांबलं. मग म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू माझ्याकडे बघत बसली असतीस. सकाळपासून रात्रीपर्यंत. आणि तू बघतेयस हे मला दिसलंही नसतं."

मी उठून भांडी आवरायला लागले. बघत तर मी होतेच. एवढे महिने डोळ्यांत तेल घालून बघत होते.

"पोरीला मी सांगणार," मी म्हणाले.

ह्यांनी नुसती मान हलवली.

३ मे

लेकीला फोनवर सांगायचं नाही असं ठरवून तिच्या गावी गेले. तिच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून सांगितलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "म्हणून बाबा गाडी शिकू नको म्हणाले?" एवढंच. मग उठून तिने दिवा लावला. खोलीत अजून उजेड होता. मला कळेना, तिला अंधार वाटला म्हणून लावला, की नुसतं हातांना काहीतरी काम हवं म्हणून.

हे असं आता प्रत्येक गोष्टीचं होणार.

१९ मे

डोळ्यांच्या दवाखान्यात दिवस गेला. लेकीच्या डोळ्यांत थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत नेलं, एका यंत्रात हनुवटी ठेवायला सांगितली. हे बाहेर बाकावर. मी डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर नजर लावून बसले.

"आत्ता तरी काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "दर वर्षी दाखवा."

"आत्ता तरी म्हणजे?"

"म्हणजे आत्ता काही नाही."

"पुढे?"

"म्हणूनच दर वर्षी."

मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं तेव्हा लेकीने माझा हात धरून मला बाहेर आणलं. ह्यांना तिने स्वतः सांगितलं. हे उभे राहिले, पुन्हा बसले. मग तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून कपाळापासून हनुवटीपर्यंत चाचपला, एकेका खांबाला चाचपलं तसा.

परतीच्या बसमध्ये ती डुलकी घेत होती. डोळे उघडले तर मी बघतेय.

"आई, माझ्याकडे असं बघू नकोस ना."

बाप तशी लेक.

२ जून

शाळेला सुट्टी, त्यामुळे रोज जागेवर. दोरीच्या आत मी जाते, हे बाहेर उभे राहून कुठली फळी कुठे ते सांगतात. सगळी चळत डोक्यात पाठ. मौनीबाबा मला ओंडका फिरवायला शिकवतोय. खांदे भरून आलेत.

आज त्याला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. साहेबांचा पाय ओंडक्याला लागला. साहेब ओंडक्याला सॉरी म्हणाले."

मला हसू आलं. मग आलेलं हसू थांबेना. तोही हसला. दात पडके आहेत, म्हणून तोंड उघडत नसेल का?

२१ जून

आज कडाक्याचं भांडण. बाभळीच्या त्या खरखरीत चौकटीने माझी साडी फाडली. मी म्हटलं, घासून घ्या. हे म्हणाले, घासली तर ओळखू कशी येणार? मी म्हटलं, मग मी रोज फाटत राहू का? घर तुमच्या एकट्याचं आहे का? स्वयंपाकघरातली फळी माझ्या डोक्याहून वर लावलीय, ती कुणाच्या सोयीची?

"तुला हवं ते आधी सांगायचं ना!"

"आधी? मला आराखडा कुणी दाखवला?"

मौनीबाबा रंधा खाली ठेवून लांब जाऊन बसला.

शेवटी ठरलं, डाव्या बाजूचा खांब खरखरीत, उजवा गुळगुळीत. मी उजवीकडून जाईन. फळी खाली आली. शिवाय स्वयंपाकघराला आणखी एक खिडकी. ती कापताना ह्यांनी स्वतः हात धरून मला दाखवायला लावलं, कुठून कुठपर्यंत हवी.

कितीतरी महिन्यांनी पोटभर भांडले. बरं वाटलं.

१७ ऑगस्ट

मौनीबाबा गेला. यंत्र ट्रॉलीवर चढवलं, रूळ बांधले. खुंट उपटून दोरी गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "फाटकापासून दारापर्यंत बांधा. संध्याकाळी उपयोगी पडेल." मी म्हटलं, जेवून जा. म्हणाला, पुढच्या गावाला झाडं पडली आहेत.

भुशाचा ढीग तेवढा मागे राहिला. पिवळा, तांबूस, करडा, सगळा एकात एक मिसळलेला.

८ सप्टेंबर

राहायला येऊन आठवडा झाला. लाकूड अजून जागं आहे. एखादी फळी मध्येच कडकन वाजते आणि मी दचकते. हे म्हणतात, बसतंय ते, जागा करून घेतंय.

हे घरात भराभर चालतात. भाड्याच्या खोल्यांत इतकं भराभर कधी चालले नाहीत. मी दारात उभी असले की मात्र घोटाळा होतो, कारण मी आराखड्यात नाही. काल दोनदा धडकले. आता मी गुणगुणत फिरते. माझा आवाज कसा आहे ते सगळ्या शाळेला माहीत आहे. हे म्हणतात, धडकलेलं परवडेल.

१४ सप्टेंबर

समोरच्या खोलीत चार दिवस राहायला या म्हणून नणंदेला मीच सांगितलं होतं. काल आल्या. आज दुपारी दोघी बसून पडद्यांना टीप घालत होतो. हे बाहेर पायरीवर, पुढच्या दाराला तेल लावत होते. मी म्हटलं, "वन्सं, मी तुमच्याबद्दल काय काय मनात आणलं ते सांगितलं तर तुम्ही आत्ताच पिशवी भराल."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या चेहऱ्यावर सगळं असतं. मीही तुझ्या जागी तेच केलं असतं." मग दोरा दाताने तोडत म्हणाल्या, "पण त्या संध्याकाळी मी त्याला थांबवायला बघितलं हं. तू दिसलीस तशी मी त्याचा हात दाबला. चांगला जोरात, नखं रुततील इतका. लहानपणापासूनची खूण आहे आमची, कुणी आलं की हात दाबायचा. त्याला न कळण्यासारखं काही नव्हतंच."

"मग?"

"मग काय? त्याने माझा हात उलट दाबला. आणि आवाज चढवून पोरीचं बोलायला लागला."

माझ्या हातातली सुई तिथेच राहिली.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तोंडाने सांगता येत नव्हतं, म्हणून ताईकडे तोंड करून मला सांगितलं. मी चोरून ऐकायला गेले आणि तिथे माझ्यासाठीच सगळं चाललं होतं. की नणंदेला आता तसं वाटतंय? भावाच्या बाजूने रंगवून सांगायची तिची सवय काही आजची नाही.

उठून बाहेर गेले. आज गुणगुणले नाही. पाय न वाजवता जांभळाच्या चौकटीत उभी राहिले, ह्यांच्या डाव्या हाताला. हे बोळा तेलात बुडवून खाचांतून हळूहळू फिरवत होते, एक खाच, मग दुसरी. चेहऱ्यावर काही नव्हतं. चार वाक्यं मनात जुळवली, चारही गिळली.

"तेल पुरेल का?" शेवटी विचारलं.

हे दचकले. खरंच दचकले की मला बरं वाटावं म्हणून, ते मी शपथेवर सांगू शकत नाही.